वसुधाबाईंची जबानी

"तेवढं एक म्हणू नकोस," श्यामकांत पुन्हा म्हणाले. "लॉन्ड्री नव्हती, एवढंच सांग. कोण बघायला येतंय आता?"

वसुधाबाईंनी नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी केली आणि उत्तर द्यायचं टाळलं. अमेरिकेतल्या वकिलांपुढे जबानी द्यायची होती, त्यासाठी सून विशाखा लॅपटॉप लावत होती. इथे नेदरलँड्समध्ये, मुलाच्या आइंडहोवनच्या घरी, संध्याकाळ होत होती, अमेरिकेत नुकती ऑफिसं उघडली होती. श्यामकांतांच्या पायांना स्वस्थता नव्हती. खिडकीपासून ओट्यापर्यंत त्यांच्या येरझारा चालल्या होत्या.

उमेदीची सहा वर्षं त्यांनी अमेरिकेतल्या एका गोदीत जहाजांचे बॉयलर दुरुस्त केले. बॉयलरवर ॲस्बेस्टॉसचं वेष्टन असायचं. त्याच्या विषारी पांढऱ्या धुळीने माखून संध्याकाळी माणूस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा घरी यायचा. कंपनीची लॉन्ड्री होती, तीही फुकट. पण आपल्या माणसाचे कपडे परक्यांच्या कपड्यांत भिजवायचे, हे वसुधाबाईंना काही पटलं नाही. त्या ते बाल्कनीत झटकायच्या आणि हाताने धुवायच्या. आता श्यामकांत ठणठणीत होते आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग वसुधाबाईंना झाला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

कंपनीवर दावा तिथल्या राज्याच्या कोर्टात लावला, तर राज्याने कायदाच बदलला. जो कामाच्या जागी नव्हता, त्याला दावा लावता येणार नाही. घरच्या माणसांनाही हक्क देणारा, साऱ्या देशाला लागू होणारा कायदा वॉशिंग्टनमध्ये नुसता चर्चेत होता. आमच्या कोर्टांत तुम्ही नाक खुपसू नका, असं राज्यं केंद्राला म्हणत होती. या दोघांच्या भांडणात वसुधाबाई लटकल्या. त्यांच्या वकीलबाई म्हणाल्या, जबानी आताच नोंदवून ठेवू, केंद्राचा कायदा झालाच तर कामी येईल. इथल्या डच डॉक्टरने मात्र आडपडदा न ठेवता उन्हाळ्यापर्यंतचीच मुदत दिली होती.

हा आजार त्या गोदीतून आला, हे कुठल्यातरी कोर्टाने मान्य करावं, एवढीच वसुधाबाईंची इच्छा होती. आणि कंपनीचा वकील लॉन्ड्रीचं विचारणार, सोय असून कपडे घरी नेले म्हणजे दोष तुमचाच म्हणणार, तिथेच सगळं अडेल, हे वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं.

कंपनीचा वकील तरुण होता, बोलायला मऊ. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर तो लॉन्ड्रीवर आला. लॅपटॉपच्या मागे उभे राहून श्यामकांत जोरजोरात मान हलवत होते, नाही म्हण, नाही म्हण.

"होती," वसुधाबाई म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी साधं होतं, पण अडखळत नव्हतं.

कपडे घरी न्यायला कोणी सांगितलं होतं का?

"नाही. माझाच हट्ट."

श्यामकांतांनी डोळे मिटून घेतले. बायकोचा इतका राग त्यांना जन्मात आला नव्हता, आणि तिच्यासाठी जीव इतका कधी तुटलाही नव्हता. पलीकडे वकील समाधानाने कागद आवरू लागला.

"मी एक विचारू?" वसुधाबाई म्हणाल्या.

साक्षीदाराने प्रश्न विचारायचा नसतो. पण तो सभ्य होता, थांबला.

"त्या लॉन्ड्रीत रोझा होती. बसस्टॉपवर भेटायची मला. मी कपडे दिले असते, तर ते तिने झटकले असते. ही धूळ जीव घेते, हे तिला तरी कोणी सांगितलं होतं का? ती तर तुमच्याच जागेत होती."

वसुधाबाईंना धाप लागली. विशाखाने पाणी पुढे केलं, ते त्यांनी हातानेच बाजूला सारलं.

"तिचं नाव लिहून घ्या."

वकीलबाईंनी हळूच आडनाव विचारलं. ते वसुधाबाईंना ठाऊक नव्हतं, त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या लॉन्ड्रीच्या दारावरून ते सहा वर्षं रोज गेले होते. आत कोण आहे, हे त्यांनी एकदाही डोकावून पाहिलं नव्हतं. त्यांची मान आपोआप खाली गेली.

"मग नुसतं रोझा लिहा," वसुधाबाई म्हणाल्या.