गाईच्या श्वासाची ऊब

आजारी कोंबडी टोपलीत घालून गाईच्या गव्हाणीत ठेवायची, ही त्या घरातली जुनी रीत. गाईच्या श्वासाची ऊब लागली की पाखरू उठतं, असं सासू सांगून गेली होती. म्हणून कोंबड्या माना टाकून बसल्या तशी थोरल्या सुनेनं टोपली गाईच्या नाकाखाली सरकवली.

"जाऊबाई, आता गाईला अंड्यांवर बसवा म्हणजे झालं!" धार काढता काढता धाकटी हसली.

कोंबड्या गेल्याच. थोरलीनं त्या पुरल्या, गव्हाण वरवर झाडली आणि त्यातच वैरण टाकली.

मग गाय खोकू लागली. नाक गळू लागलं, रवंथ थांबला. दूध चिकासारखं दाट, पिवळं. नुकती व्यालेली नसताना चीक कुठला? धाकटीनं ते मांजरापुढे ओतलं. मांजर झोकांड्या खात चुलीमागे जाऊन मेलं. म्हातारंच होतं, म्हणाले सगळे. धाकटीचे डोळे लाल झाले, तेव्हा बोल चुलीच्या धुराला लागला.

गुरांचा डॉक्टर आला. वैरण कसली, पाणी कुठलं, थोरलीनं सगळं नीट सांगितलं. कोंबड्यांचं तिच्या मनातही आलं नाही. दुखणं गाईचं, त्यात कोंबडीचा काय संबंध?

डॉक्टरनं गव्हाणीच्या कोपऱ्यातलं पीस बोटानं दाखवलं. "हे कुठलं?"

"आमच्या कोंबड्यांचं. मेल्या बिचाऱ्या. इथंच ठेवल्या होत्या, उबेला."

त्यानं घाईनं मास्क चढवला. "वहिनी, पाखरांचा रोग गाईला लागू शकतो. गाईचा माणसालाही. धार कोण काढतं?"

"मीच की," धाकटी म्हणाली आणि तिला खोकल्याची उबळ आली. "परवा डोळ्यात दूध उडालं, तेवढंच. त्यात काय एवढं?"

डॉक्टर तिच्या डोळ्यांकडे बघत राहिला. मग त्यानं दवाखान्याला फोन लावला.

दवाखान्याची गाडी आली तेव्हा धाकटीला धड उभं राहवत नव्हतं. तरी दारातून म्हणाली, "जाऊबाई, कास तटतटलीय तिची. मोकळी करा. मुकं जनावर ते."

तोंडाला मास्क, हातात मोजे घालून थोरली बसली. दूध खड्ड्यात ओतायचं होतं. गाईनं मान वळवली आणि तिच्या खांद्यावर श्वास सोडला. उबदार होता.

थोरलीनं आपला श्वास कोंडून धरला आणि धार काढत राहिली. दवाखान्यातून अजून निरोप नव्हता.