कोल्ह्याचा पंजा

सकाळपासून बर्नडीनचा जीव थाऱ्यावर नव्हता. का नव्हता ते तिला पक्कं ठाऊक होतं, पण विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं.

एकोणतीस उन्हाळे ती ऑटर क्रीक पार्कच्या लाकडी रोलर कोस्टरवर उभी होती. ‘रेड फॉक्स’, म्हणजे लाल कोल्हा, हे त्याचं नाव. गाडी फलाटाला लागली की लोकांना उतरवायचं, नव्यांना बसवायचं, मांड्यांवर येणारा लोखंडी दांडा एकेकाचा ओढून बघायचा आणि मग आपल्या खांबावरचं हिरवं बटण दाबून धरायचं. तिकडे काचेच्या खोलीत लॉइडने त्याचं बटण दाबलं की गाडी सुटायची. एकट्याने दाबून गाडी हलत नसे. हा लॉइड आधी शाळेची बस चालवायचा, त्यामुळे तो कशालाच घाबरत नाही अशी त्याची स्वतःची समजूत होती.

आज बर्नडीनला पोरं लहान दिसत होती. सगळी नाहीत, मधूनच एखादं. दहा वाजता पिवळ्या टोपीवाला एक पोरगा येऊन बसला तर त्याचे पाय अधांतरी हलत होते. पण मनगटावर हिरवी पट्टी. हिरवी पट्टी म्हणजे पार्कच्या मुख्य गेटवर आजच मोजलं, अठ्ठेचाळीस इंच भरलं, आता दिवसभर कुठेही बसा. पट्टीपुढे बर्नडीनने बोलायचं नव्हतं. तसं तिला लेखी बजावलं होतं.

त्याचं असं झालं. गेल्या ऑगस्टमध्ये तिने पट्टीवाल्या एका पोरीला गाडीतून उतरवलं आणि ती पोरगी मोजल्यावर चांगली पाव इंच जास्तच भरली. पोरीच्या आईने तक्रारीचं दोन पानी पत्र धाडलं. मग हिवाळ्यात बर्नडीनच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मेरिटला बोलायला आयतीच जागा मिळाली. मेरिट म्हणजे पार्कची मॅनेजर, वय बत्तीस, कमरेला वॉकीटॉकी आणि तोंडावर कायमचं हसू. “बर्नडीन, तुमच्या अनुभवाचा मला आदरच आहे,” ती म्हणाली होती, “पण पट्टी हा शेवटचा शब्द. पुन्हा असं झालं तर मला तुम्हाला लाकडी घोड्यांच्या चक्रावर पाठवावं लागेल.” तिथे दोन वर्षांची बाळं आणि त्यांच्या आज्या बसतात. बर्नडीनला ते मरणाहून वाईट वाटलं होतं, आणि तसं ती घरी नवऱ्याला म्हणालीही होती.

म्हणून पिवळ्या टोपीच्या वेळी तिने बटण दाबलं, तो पुन्हा पुन्हा आला तेव्हाही दाबलं. नंतर दोन जुळ्या बहिणींच्या वेळी दाबलं. दर खेपेला गाडी साखळीवरून टकटक करत चढणीला लागायची आणि बर्नडीन फलाटावर येरझाऱ्या घालत राहायची. गाडी परत आली की आधी डोकी मोजायची. सगळी असायची. मग तिला स्वतःचाच राग यायचा, की उगाच काय जिवाला घोर लावून घ्यायचा.

“बर्नी, अगं किती फिरशील?” लॉइड काचेच्या खोलीतून म्हणाला. “फळ्या झिजतील.”

“तू तुझं बघ.”

साडेबाराच्या सुमाराला तिसऱ्या डब्यात एक बाप आणि मुलगी येऊन बसले. बाप ऐसपैस, हातात बर्च बिअर नावाच्या गोड सोड्याचा रिकामा ग्लास. बर्नडीनने तो काढून घेतला. मुलीचं नाव ऑड्रा, हे तिला लगेच कळलं, कारण बाप दर वाक्याला ते घेत होता. ऑड्राच्या मनगटावर हिरवी पट्टी होती. बर्नडीनने दांडा खाली ओढला. तो बापाच्या मांड्यांवर टेकला आणि तिथेच थांबला. दोघांना मिळून दांडा एकच. मुलीच्या मांड्या आणि दांडा यांच्यात बर्नडीनची अख्खी मूठ गेली. तिने खाली पाहिलं. बुटांचे तळवे फळीपासून वर लोंबत होते.

ती पुढच्या डब्याकडे गेली, शेवटपर्यंत सगळे दांडे ओढून आली, खांबापाशी उभी राहिली. अंगठा बटणावर ठेवला. लॉइडने त्याचं बटण दाबलं. गाडी हलली नाही.

“बर्नी?”

तिने अंगठा उचलला आणि हात खिशात घातला. भीती घोड्यांच्या चक्राची होती की त्या पोरीच्या लोंबत्या पायांची, हे तिला नीट सांगता आलं नसतं.

“त्या पोरीला उतरव,” ती म्हणाली.

“पट्टी आहे तिला.”

“दिसतेय मला. माझे डोळे नवे आहेत.”

मग जे व्हायचं ते झालं. बापाने आवाज चढवला. “अहो बाई, अर्धा तास रांगेत उभे आहोत आम्ही. गेटवर मोजलंय तिला तुमच्याच माणसांनी.” मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या. लॉइडने वॉकीटॉकीवर मेरिटला बोलावलं आणि ती पाच मिनिटांत हसतच आली, पण हसू आज जरा आखडलेलं होतं.

“बर्नडीन, आपलं काय ठरलं होतं?”

“कोल्हा आणा,” बर्नडीन म्हणाली.

हा कोल्हा लाकडाचा. पट्ट्या सुरू होण्याआधी तो रांगेच्या तोंडाशी उभा असायचा, एक पंजा अठ्ठेचाळीस इंचांवर आडवा धरून. पंजाखालून जो सरळ जाईल त्याला प्रवेश नाही. दर एप्रिलमध्ये बर्नडीन त्याला स्वतः रंग द्यायची. दोन वर्षांपासून तो काचेच्या खोलीमागे धूळ खात पडला होता. लॉइडने तो कुरकुरत ओढून आणला आणि फलाटावर उभा केला.

बर्नडीन ऑड्रापुढे वाकली. “बाळ, तुझ्या धीटपणाबद्दल मला काही शंका नाही. पण ही गाडी दुसऱ्या टेकाडावरून उतरते ना, तेव्हा सगळे जागेवरून उचलले जातात. मोठी माणसं पाय फळीला रोवतात आणि हा दांडा त्यांच्या मांड्या धरतो. तुझे पाय पोचत नाहीत. आणि दांडा थांबतो तुझ्या बाबांवर. तुझ्यावर कोण थांबणार?”

ऑड्राने बापाकडे पाहिलं. त्याने दांड्याखाली मुलीच्या बाजूने हात घालून पाहिला, आत-बाहेर, आत-बाहेर. मग त्यानेच तिला उचलून बाहेर ठेवलं.

ऑड्रा पंजाखाली उभी राहिली. डोकं आणि पंजा यांच्यात बोटभराहून जास्त जागा होती.

मेरिट म्हणाली, “हा कोल्हा किती जुना आहे. पाय झिजले असतील त्याचे.”

“पाय झिजले असते तर पंजा खाली आला असता,” बर्नडीन म्हणाली. “मग पोरगी वर डोकावली असती.”

लॉइडला हसू आलं. ते त्याने खोकल्यात घालवलं. मेरिट मात्र हसली नाही. तिने वॉकीटॉकी उचलला आणि गेटवरच्या माणसाला विचारलं, “उंचीच्या खांबाशी आज काही बदललंय का?”

“नाही,” पलीकडून आवाज आला. “सकाळी तिथे फार निसरडं झालं होतं, पोरं घसरत होती. म्हणून खांबाखाली रबराची चटई टाकली. चांगली जाड आहे. आता कुणी पडत नाही.”

खांब भिंतीला ठोकलेला होता, तो जागचा हलला नव्हता. चटईवर उभी राहिलेली पोरं तेवढी उंच झाली होती. कुणी पडू नये म्हणून.

मेरिटच्या तोंडचं पाणी पळालं. पण बाई कामाची होती, हे बर्नडीनला मान्य करावं लागलं. तिने तिथल्या तिथे सगळे मोठे पाळणे थांबवायला सांगितलं. भोंग्यावरून हाका गेल्या, हिरव्या पट्टीच्या सगळ्या मुलांनी रेड फॉक्सपाशी यावं, नव्याने मोजणी आहे. मग ती बर्नडीनकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, “तुमचं बरोबर होतं.”

या वाक्याची बर्नडीनने अख्खा हिवाळा वाट पाहिली होती. स्वयंपाकघरात भांडी घासताना मेरिटच्या तोंडी ते घालून पाहिलं होतं, आपण वर काय टोला हाणायचा तेही ठरवून ठेवलं होतं. आता ते आलं आणि तिला ते ऐकूही नीट आलं नाही. ती रांगेत पिवळी टोपी शोधत होती.

पोरं आली. काही पंजाला डोकं आपटून हसली आणि पळाली. काही खालून सरळ निघून गेली आणि त्यांच्या पट्ट्या बर्नडीनने कात्रीने कापल्या. जुळ्या बहिणी आल्या. दोघीही खालून गेल्या. बर्नडीनने त्यांच्या पट्ट्या कापल्या आणि पुन्हा रांगेकडे पाहिलं.

पिवळी टोपी सगळ्यात शेवटी आली, हातात अर्धा खाल्लेला, जिलबीसारखा तळलेला फनेल केक आणि गालभर साखर. बर्नडीनने टोपी काढून बाजूला ठेवली. पंजाखाली दोन बोटं मोकळी होती.

“मी तीनदा बसलो,” पोरगा म्हणाला. “तुम्हीच बसवलं. आठवतं का? तुम्ही माझे पाय बघत होता.”

“आठवतं.”

“तिसऱ्या वेळी मी उभाच राहिलो. राहिलो म्हणजे आपोआप. दांडा इथे आला होता.” त्याने गुडघ्याखाली हात लावून दाखवला. “मग बाबांनी माझा शर्ट धरला. लई भारी. आता पुन्हा जाऊ?”

बर्नडीनने त्याची पट्टी कापायला मनगट हातात घेतलं आणि तिला ते सोडवेना. कात्री खाली पडली, ती मेरिटने उचलली. पोरगा दुसऱ्या हाताने केक खात उभा राहिला, आणि बर्नडीन त्याचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून कोल्ह्याशेजारी फळ्यांवर खाली बसली.

“आजी, सोडा ना,” तो म्हणाला. “दुखतंय.”