पट्ट्यावरची रेघ

वरच्या मजल्यावर किल्ली पडली. फरशीवर खण्णकन वाजली आणि दसऱ्याच्या पहाटेची शांतता मोडली. उज्वला खाली स्वयंपाकघरात तोरणासाठी झेंडू ओवत बसली होती. तिची सुई फुलातच राहिली. या घरातल्या सगळ्या किल्ल्यांचे आवाज तिला पाठ होते. स्कूटरची किल्ली हलकी वाजायची, कपाटांचा जुडगा छनछनायचा, गच्चीची किल्ली बद्द आवाज करायची. ही त्यांतली नव्हती. ही जड होती, चारचाकीची होती. आणि ती उज्वलाची नव्हती.

पाथर्डी फाट्याजवळच्या या दोन मजली घरात खाली उज्वला, तिचा नवरा योगेश आणि सहा वर्षांची मुक्ता राहायचे. वर धाकटा दीर महेश, त्याची बायको मनाली आणि त्यांचं आठ महिन्यांचं बाळ. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. त्या जेवायला खाली आणि झोपायला वर. वॉशिंग मशीन आधी वर आलं. एसी आधी वर लागला. मुक्ता झाल्यावर उज्वलाने कंपनीतली नोकरी सोडली. बाळ झाल्यावर मनालीने सोडली नाही, आणि बाळाला दिवसभर उज्वलाने सांभाळलं तरी कौतुक मात्र अक्कांच्या वाट्याला गेलं. उज्वलाने यातल्या कशाबद्दल कधी काही म्हटलं नाही. म्हणजे तोंडाने म्हटलं नाही.

पण गाडी तिची होती. निदान गाडीचा विचार तरी तिचा होता.

चार महिने ती जुनी गाडी शोधत होती. घरात आजवर कुणी चारचाकी घेतलेली नव्हती, त्यामुळे विचारायचं कुणाला हाच प्रश्न होता. मग योगेशला त्याचा शाळासोबती दत्तू आठवला. मूळचा दिंडोरीचा, सातपूरला त्याचं गॅरेज होतं. दत्तूने पहिल्याच दिवशी तिला सांगितलं की वहिनी, चकाकी बघू नका. सकाळी जा, बॉनेटवर हात ठेवा. ते गार असलं पाहिजे. आधीच चालू करून ठेवलेली गाडी म्हणजे काहीतरी झाकलेलं. टायर चारही एका वयाचे आहेत का ते बघा. किलोमीटरचा आकडा कमी फिरलेला आणि ब्रेकच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत, असं असलं तर तोंड फिरवून घरी या. उज्वला हे सगळं मुक्ताच्या चित्रकलेच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून घ्यायची. पुढच्या पानांवर मोर आणि मागे क्लच प्लेट, अशी ती वही झाली होती.

शेवटची गोष्ट दत्तूने हाताने करून दाखवली होती. त्याने एका गाडीचा सीटबेल्ट ओढत ओढत पार शेवटपर्यंत बाहेर काढला.

“लोक सीट धुत्यात, मॅट बदलत्यात, अत्तर मारत्यात. पट्ट्याचं हे टोक कोणी धूत नाय. पुरात बसलेली गाडी इथं सापडती, वहिनी. यंदा तर लय जपा. श्रावणात गोदेचं पाणी गावांत शिरलं व्हतं. त्या गाड्या दसऱ्याला नवरीसारख्या नटून येतील. आज चालतील, उद्या चालतील, अन् परवा भर हायवेला सगळी वायरिंग बसंल.”

मुक्ताला त्या दिवसापासून तोच खेळ झाला. गाडी दिसली की ती मागच्या सीटवर चढायची आणि पट्टा ओढायची.

अशा अकरा गाड्या बघून झाल्यावर दिंडोरीला एका निवृत्त कंपाउंडरांची पांढरी गाडी पसंत पडली. एका हातची होती. प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती त्यांनी तारखेप्रमाणे टाचून ठेवली होती. रंग बघाल तर साबुदाण्यासारखा. पण दत्तूने तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि मान डोलावली. कंपाउंडरांची मुलगी दिवाळीला घरी येणार होती, तिला एकदा गाडीत फिरवून मग देतो म्हणाले. उज्वलाला ते आवडलंच. जी गाडी सोडताना कुणाचा पाय निघत नाही, ती गाडी चांगलीच असणार, असं तिला वाटलं.

आणि मधल्या आठ दिवसांत मनालीची गाडी दारात आली.

डाळिंबी रंगाची. आतून बाहेरून चकचकीत. सायखेड्याकडच्या एका एजंटाने ती पूजेसाठी आदल्या संध्याकाळी आणून लावली होती. दसरा चुकवायचा नाही म्हणून पसंतीही घाईघाईतच झाली होती. संध्याकाळी सात वाजता तो कागद घेऊन येणार, सह्या झाल्या की गाडी मनालीची. दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन ती स्वतः चालवत निफाडला माहेरी जाणार होती. अक्का कालपासून गल्लीभर सांगत होत्या की थोरलीने चार महिने वह्या भरल्या आणि धाकटीने आठ दिवसांत गाडी उभी केली. त्यांनी ते हसत सांगितलं होतं. उज्वलाही ऐकून हसली होती, आणि मग आत येऊन तिने धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली होती.

दहा वाजता पूजा झाली. थोरली सून म्हणून ओवाळायचा मान उज्वलाचा. तिने तोरणाचं उरलेलं टोक बॉनेटला बांधलं, कुंकवाचं स्वस्तिक काढलं. महेश चाकांखाली लिंबं ठेवत होता, मनाली बाळाला कडेवर घेऊन फोटो काढून घेत होती. तिने नेमकी डाळिंबीच साडी नेसली होती. तेवढ्यात गाडीच्या मागच्या दारातून मुक्ताची हाक आली.

उज्वला ताट सावरत वाकली. मुक्ता सीटवर मांडी घालून बसली होती आणि तिच्या मांडीवर पट्ट्याचा ढीग पडला होता. अगदी शेवटच्या वीतभर भागावर आडवी रेघ होती. वर पट्टा काळा, खाली मातकट. उज्वलाने बोट फिरवलं. बोटाला बारीक, मऊ, वाळलेला गाळ लागला.

“आई, दत्तूकाका म्हणाले होते तशी माती,” मुक्ता कुजबुजली.

भीती नंतर आली. आधी जे आलं त्याला गोडसर चव होती.

“गप्प बस,” तिने मुक्ताला सांगितलं, “शुभ कामात मधे बोलायचं नसतं.” तिने हात सोडला. पट्टा सरसर आत गेला आणि रेघ दिसेनाशी झाली. मग ती पुढे आली आणि तिने डाळिंबी गाडीला तीनदा ओवाळलं.

दिवसभर ती स्वतःशी वाद घालत राहिली. पुरणपोळ्या लाटताना तिला वाटलं, आपल्याला कुणी विचारलं का? चार महिन्यांची वही घरात पडलेली असताना मनालीला एक पान उलटावंसं वाटलं नाही. आता सांगितलं तर अक्का म्हणतील, बघवत नाही हिला. खरंच म्हणतील. आणि खोटंही म्हणणार नाहीत. तिने पोळी उलटली, ती करपली होती. दुपारी मनाली बाळाला तिच्याजवळ झोपवून बाजारात गेली. बाळाने झोपेत उज्वलाचं बोट धरलं. तेच बोट, गाळ लागलेलं. तिने केव्हाच धुतलं होतं तरी तिला ते मळकं वाटलं. या बाळाची पहिली मालिश तिने केली होती. मनालीला तेव्हा ताप होता, आणि सात दिवस हे एवढंसं गाठोडं तिच्याच पोटाशी झोपत होतं. उद्या ते मागच्या सीटवर त्याच पट्ट्याने बांधलेलं असेल. तिला दत्तूचा तो ‘परवा’ आठवला. भर हायवेला.

सहा वाजले. सीमोल्लंघन करून माणसं परतू लागली, आपट्याची पानं घेऊन शेजारीपाजारी येऊन गेले. मनाली जिना उतरून आली. तिने उज्वलाच्या हातावर पानं ठेवली आणि वाकून नमस्कार केला. मग उठायच्या ऐवजी तिथेच पाटावर बसून राहिली.

“ताई, एक सांगू? रागावू नका. गाडी बघताना सारखं वाटत होतं की तुम्ही सोबत असायला हव्या होत्या. मला त्यातलं काही कळत नाही. रंग बघितला आणि हो म्हणाले.”

“मग विचारलं का नाहीस?”

मनाली आपट्याच्या पानाचे दोन तुकडे करत राहिली. “तुम्हाला सगळं येतं, ताई. पोळ्या तुमच्यासारख्या नाहीत, बाळाला निजवायचं तर ते तुमच्याकडेच निजतं. मी कामावरून येते तेव्हा ते माझ्याकडे बघून रडतं. म्हटलं, एक तरी गोष्ट आपण आधी करावी. तुम्हाला न विचारता.”

उज्वला तिच्याकडे बघत राहिली. वरचा एसी, वरचं मशीन, आणि त्याखाली ही बसलेली, आपल्याकडे डोळे लावून. इतकी वर्षं जिन्याकडे हेव्याने आपणच बघतो असं तिला वाटत आलं होतं.

बाहेर मोटरसायकल थांबली. एजंट बगलेत कागदांची पिशवी धरून फाटक उघडत होता. महेश पेन शोधायला वर धावला.

“चल माझ्याबरोबर,” उज्वला उठली. तिने मनालीचा हात धरला आणि एजंटाला ओलांडून सरळ गाडीपाशी नेलं. मागचं दार उघडलं. दोन्ही हातांनी पट्टा ओढला, ओढतच राहिली, शेवटचं टोक बाहेर येईपर्यंत. मग मोबाइलचा उजेड त्यावर धरला.

मनालीला एकदम कळलं नाही. उज्वलाने समजावून सांगितलं, हळू आवाजात, दत्तूने सांगितलं होतं तसं. गाडी पाण्यात बसली होती, इथपर्यंत. मनालीने रेघेला बोट लावलं, बोट नाकापाशी नेलं आणि तिचा चेहरा उतरला. फाटकापाशी एजंट कुणालातरी फोन लावू लागला होता. मनालीने त्याच्याकडे वळून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की कागद पिशवीतच राहू द्या. मग ती उज्वलाच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली.

“बाळाला घेऊन जाणार होते मी यातून. देवानेच तुम्हाला दाखवलं, ताई. कधी लक्षात आलं तुमच्या?”

“आत्ताच,” उज्वला म्हणाली. “दार उघडताना.”

तिच्या पदराला मागून ओढ बसली. मुक्ता केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तिच्या हातात आपट्याचं एकच पान होतं आणि ती आईकडे अगदी भोळेपणाने, खरंच न कळून बघत होती.

“आई, सकाळी मीच तर तुला दाखवलं होतं. मग तू गप्प का बसलीस?”