सात बाभळींवरचं इंटरनेट

नोकरीच्या पत्रात चार अटी होत्या. इंटरनेट तारेचं हवं, मोबाइलचं चालणार नाही. चाचणीची चाळीस मिनिटं ते एकदाही तुटता कामा नये. खोली बंद हवी. खोलीत लहान मूल नको.

चाचणी गुरुवारी सकाळी अकराला होती. पास झाले तर घरून काम. नापास झाले तर पुण्याच्या ऑफिसात सहा महिने बसायचं, आणि राजनंदिनीला इथं ठेवून जायचं. राजनंदिनी चौदा महिन्यांची आहे. आजवर तिनं चप्पल, खडू, शेंगांची टरफलं आणि एक जिवंत मुंगळा तोंडात घातलाय. मुंगळा मी काढला. पुण्यात बसून तो मला काढता आला नसता.

"पण काम काय हाय?" मामांनी विचारलं. मामा म्हणजे माझे सासरे, सुंदरराव. पंचायत समितीला दोनदा उभे राहिले, एकदा निवडून आले.

"लोकांचं इंटरनेट बंद पडलं की ते फोन करणार. काय करायचं ते मी सांगायचं."

"आन् आपलं?"

आपलं नव्हतंच. म्हणून मी वही केली. बी.एस्सी.नंतर पहिल्यांदाच.

पहिल्या पानावर तांब्याची तार. आमच्या भिंतीवर जुन्या टेलिफोनची डबी अजून आहे. याच तारेतून इंटरनेटही येतं, पण एक्सचेंज जितकं लांब तितकं ते मंद होत जातं. आमचं घर नेकनूरच्या एक्सचेंजपासून चार किलोमीटर. सासूबाईंना हे वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "म्हंजे भाकर ताटात येईस्तोवर गार." मी ते वहीत लिहून घेतलं. माझ्या तीन ओळींपेक्षा ते बरं होतं.

दुसऱ्या पानावर छपरावरची थाळी. लांबच्या टॉवरवरून थाळीवर लहरी येतात, मधे काही आडवं यायला नको. मामांना हेच पाहिजे होतं, कारण ते गावात कुठूनही दिसलं असतं. पण आमच्या आणि टॉवरच्या मधे गावाची पाण्याची टाकी आहे. ती मामांच्याच काळात झाली. त्यांनी विषय बदलला.

तिसरं, सिमकार्डाचा डबा. माझे मिस्टर शिवशंकर बीडला क्लासवर शिकवतात, त्यांनी मित्राचा डबा दोन दिवस आणला. सकाळी सुसाट. संध्याकाळी मॅच लागली आणि गोल चक्र फिरायला लागलं, कारण एकाच टॉवरवर सगळं गाव. "पंगत हाय ती," सासूबाई म्हणाल्या. "सगळेच एकदम बसले तर वाढणाऱ्यानं काय करावं?" तसंही तो मोबाइलचाच प्रकार, अटीत बसत नव्हता. सॅटेलाइटची किंमत बघून मी ते पान कोरं सोडलं.

राहिलं फायबर. केसासारखी काचेची तार, तिच्यातून उजेड धावतो. अंतरानं फारसं बिघडत नाही, गर्दीनंही फारसं नाही. कागदावर तरी तिच्यात काही खोट दिसेना.

अंगद नावाचा लाइनमन नेकनूरच्या रस्त्यापासून तार घेऊन आला. खांब मागवायचे तर महिना लागणार होता. बांधावर सात बाभळी ओळीत उभ्या होत्या.

"झाडावरनं नेऊ का, मामा?" त्यानं विचारलं.

"ने की. झाडं आपलीच हायत."

तार बाभळींवरून आली, अंगणावरून आली आणि माझ्या खोलीच्या दारातून आत शिरली. भिंतीला भोक पाडायचं मशीन अंगद विसरला होता. त्यामुळे दाराची कडी लागत नव्हती. मी ते वहीत लिहिलं. डब्यावर हिरवा दिवा लागला. तो शुक्रवार होता.

रविवारी दिवा लाल झाला.

मी राजनंदिनीला कडेवर घेतलं आणि तारेखालून चालत निघाले. चौथ्या बाभळीखाली म्हाळू होता. म्हाळू शेळ्या राखतो. त्याच्या हातात लांब बांबू, टोकाला विळा बांधलेला. झाडाखाली बत्तीस शेळ्या पाला खात होत्या आणि पाल्यात आमची तार पडली होती.

"म्हाळू, ही तार तोडलीस?"

"तोडली," तो म्हणाला. "पण आधी धरून बघितली, सूनबाई. उलट्या हातानं. करंट न्हाई. मेलेली तार हाय म्हणून बाजूला केली."

"तिच्यात करंट नसतो. उजेड असतो."

त्यानं तुटलेलं टोक उचललं आणि डोळ्यासमोर धरलं.

"डोळ्याला लावू नको!" मी ओरडले. राजनंदिनी दचकून रडायला लागली.

"अंधार हाय की आत," म्हाळू म्हणाला.

घरी येऊन मामांना सांगितलं, म्हाळूला झाडं तोडू नको म्हणा. मामांनी पान लावायचं थांबवलं.

"तसं कसं म्हणू? त्याच्या शेळ्या आपल्या रानात बसत्यात, आपल्याला लेंडीखत मिळतं. बदल्यात बांधावरच्या सात बाभळींचा पाला त्याचा. त्याच्या बापापासनं शब्द हाय."

"मग अंगदला तीच झाडं का दिली?"

"त्यानं वरनं जाऊ का विचारलं. पाला कुठं मागितला?"

अंगद सोमवारी आला. काच वितळवून जोडायची त्याच्याकडे पेटी आहे. त्यानं तार सोलली, पुसली, कापली. कापलेले काचेचे तुकडे तो एका डबीत टाकत होता. मी ते मोजत होते, कारण राजनंदिनी दोन हात अंतरावरच बसली होती. पाच पडले, पाच डबीत गेले.

"जोड जास्ती झाले की उजेड कमी हुतो, वहिनी," तो म्हणाला. "आता जपा."

मी चौथ्या बाभळीला लाल चिंधी बांधली आणि म्हाळूला दाखवली. म्हाळूनं मान डोलावली. मंगळवारी त्यानं पाचवी बाभूळ छाटली, तारेसकट.

"तुमी चिंधीचं झाड म्हणलात," तो म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं.

बुधवारी दुपारी अंगदनं दुसरा जोड दिला. "उद्या मी केजला हाय," त्यानं जाताना सांगितलं. "उद्या तुटली तर परवाच."

मी सरळ म्हाळूकडे गेले. "उद्या एक दिवस कुठल्याच झाडाला हात लावू नकोस."

"मग शेळ्या काय खातील? तुमचं इंटरनेट?"

हे रात्रीपर्यंत लांबवून चालणार नव्हतं, म्हणून तिथंच म्हणाले, "शेळ्या आमच्या अंगणात आण. दहा वाजता. पाला आम्ही देतो."

"तोडणार कोण?"

मी मागं बघितलं. मामा येऊन उभे होते, पांढऱ्या सदऱ्यात. शब्द त्यांचाच होता.

गुरुवारी सकाळी मामा घरामागच्या शेवग्यावर शिडी लावून चढले. गावातले दोघं-तिघं बघायला आले. एकानं विचारलं, "मामा, यंदा उभं राहायचा इचार दिसतोय." मामांनी वरून फांदी टाकली. ती त्याच्या जवळच पडली.

दहाला शेळ्या आल्या. अकराला मी दार ओढून घेतलं. राजनंदिनी सासूबाईंकडे. डब्यावर हिरवा दिवा. समोर स्क्रीनवर पुण्याच्या एक मॅडम, आवाज अगदी इस्त्रीचा.

पहिली वीस मिनिटं टाइपिंग. मग मॅडम म्हणाल्या, "आता मी ग्राहक आहे. माझं इंटरनेट सारखं बंद पडतं. विचारा मला."

पुस्तकात होतं, डबा बंद करून चालू करायला सांगा. मी विचारलं, "मॅडम, तुमची तार जमिनीखालून येते की वरून?"

"समजा, वरून."

"खांबावरून की झाडावरून?"

"झाडावरून."

"झाडाचा पाला कोण नेतं?"

त्या काही लिहीत होत्या. चांगलं की वाईट ते दिसत नव्हतं. तेवढ्यात अंगणात सासूबाईंचा आवाज आला, "मेली! कुरडया! हाड, हाड!" शेळ्या बाजेवर वाळत घातलेल्या कुरडयांपर्यंत पोचल्या होत्या. सासूबाई काठी घेऊन धावल्या. म्हणजे राजनंदिनी आता त्यांच्याकडे नव्हती.

मी दाराकडे बघितलं. कडी न लागलेलं दार हळूच ढकललं गेलं आणि रांगत राजनंदिनी आत आली. आठवडाभर मी बाभळी राखल्या, शेळ्या राखल्या, एक अख्खा म्हाळू राखला. ती थेट डब्याकडे गेली, मागची पिवळी तार तिनं मुठीत धरली आणि तोंड उघडलं.

घड्याळात अकरा चौतीस.

मी एका हातानं तिला उचललं, दुसऱ्या हातानं तिची बोटं सोडवली. दिवा हिरवाच होता. तार हातातून गेल्यामुळे राजनंदिनीनं लांब, कापरा सूर लावला.

"तो कसला आवाज?" मॅडमनी विचारलं. कॅमेऱ्यात फक्त माझं तोंड दिसत होतं. "खोलीत कोणी आहे का?"

दाराच्या फटीतून एका शेळीनं डोकं आत घातलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती.

"करडू आहे मॅडम," मी म्हणाले. "शेळीचं पिल्लू. आत आलंय."

नियमात लहान मूल नको असं होतं. करडाबद्दल काही नव्हतं.

"बाहेर काढा त्याला," मॅडम म्हणाल्या.

"थोडं थांबा मॅडम, ते हातातच आहे." मी राजनंदिनीला मांडीवर घेतलं. तिच्या तोंडात माझी ओढणी गेली आणि आवाज बंद झाला. उरलेली सहा मिनिटं मी मॅडमना तांब्याची तार आणि फायबर यांतला फरक सांगितला. गार भाकरीचंही सांगितलं. त्या हसल्या की लाइन खरखरली ते कळलं नाही. फायबर खरखरत नाही, तेव्हा हसल्याच असाव्यात.

अकरा चाळीसला स्क्रीन बंद झाली. ज्या पोरीला सोडून जायला नको म्हणून एवढं केलं, तिला मी पहिल्याच संधीला करडू ठरवून मोकळी झाले होते. तिचं तोंड उघडून बघितलं. ओढणीचा एक धागा निघाला.

शनिवारी मेल आला. घरून काम, सोमवारपासून. खाली एक ओळ होती: कृपया पाळीव प्राणी खोलीबाहेर ठेवावेत.

अंगदनं येऊन भिंतीला भोक पाडलं, आता कडी लागते. खांब पावसाळ्याच्या आत येतील असं मामा म्हणतात. पंचायत समितीत असतानाही ते असंच म्हणायचे. तोवर रोज सकाळी शिडी लावून तेच पाला तोडतात, म्हाळू खाली उभा राहून कोणती फांदी ते सांगतो.

आणि अकराला पाच कमी असले की सासूबाई राजनंदिनीला माझ्या मांडीवरून उचलतात. तिच्या तोंडात काय आहे ते मी एकदा बघून घेते.

"चल गं करडा," त्या म्हणतात, "आईचं हापिस भरलं."