सहा माणसांचा शोषखड्डा

जैनथ मंडलातल्या निम्म्या गावांचे शोषखड्डे मी आखले. माझ्या घरी मात्र त्र्याण्णव सालापर्यंत सगळे टमरेल घेऊन नाल्याकडं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मंचेरियलच्या कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये राहणारी आमची सून सुट्टीला आली नि तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "मामाजी, घरात संडास असता त बरं झालं असतं." मी ओव्हरसियर. सुनेनं मला माझंच काम शिकवावं? "नाल्यावर जाऊन कोनी मेलं नाई," मी तोडून टाकलं. माझा मुलगा व्यंकट उठून पिशव्या भरायला लागला. बायको आणि दोन पोरी घेऊन सकाळच्या बसनं गेला, तो दोन वर्षं आला नाही.

निवृत्त झाल्याबरोबर मी संडास बांधला. खड्ड्याचं गणित सोपं: मोरीचं नि संडासाचं पाणी रोज किती येणार आणि माती त्यातलं किती पिणार. आमची काळी माती पाणी पिते ती चाखत चाखत, म्हणून खड्डा मोठा लागतो. माणशी चाळीस लिटर धरले. माणसं किती, यावर मात्र पेन्सिल अडली.

"सहा लिवा," बायको सुभद्रा म्हणाली.

मी सहा लिहिले. व्यंकटला पत्र टाकलं. उत्तर आलं नाही.

दर आठवड्याला मी खड्ड्यात काठी घालून पाणी मोजायचो. आम्हा दोघांच्या पाण्यानं तळ जेमतेम ओला व्हावा, तर काठी गुडघाभर भिजायची. पाऊस नव्हता, विहिरी खोल गेलेल्या. माझं गणित चुकतंच कसं, म्हणून मी मिस्त्रीलाही बोल लावला.

एका दुपारी सुभद्रा दिसेना म्हणून मागच्या अंगणात गेलो. हापशावरून आणलेली बादली ती मोरीत ओतत होती. तिला धाप लागली होती.

"हे काय करून राह्यली तू?"

"चौघायचं पानी टाकून राह्यले. रोजच्या दहा-अकरा बादल्या व्हतात. खड्ड्याले सवय पाह्यजे नं. पोरी आल्यावर येकदम पानी आलं, त माती पेईन का?"

मातीला अशी सवय लागत नाही. उलट रोज भिजली तर ती कमीच पिते. हे सांगता आलं असतं. उभ्या जन्मात दुसऱ्याची चूक काढायची संधी मी सोडलेली नाही. पण त्या पोरींची इतकी आठवण आली की ही एक मी सोडली.

मी तिच्या हातातली बादली घेतली.

"थोरलीच्या झाल्या?"

"झाल्या. धाकटीच्या राह्यल्या."

मी हापशाकडं निघालो.