हाक्याचे बूट

भंडाऱ्याच्या दुकानात बाबांनी आणखी एक बूट नाकाला लावून हुंगला, तेव्हा माझं डोकं फिरलं. बूट पायात घालायची वस्तू आहे, हे मी त्यांना कोंढ्याहून निघाल्यापासून सांगत होते.

"वास येते," बूट खाली ठेवत ते म्हणाले. "डुक्कर दुरूनच वळखते."

"ओळखू द्या. तुमचा पाय गरम राहिला म्हणजे झालं."

"मंग डुक्कर का तुह्या दारात येईन मरायले?"

दुकानदार भय्याजी आमच्या दोघांकडे आलटून पालटून पाहत होते. समोर खोक्यांचा ढीग पडला होता आणि बाबा बाकावर न बसता त्या ढिगाशेजारी जमिनीवर उकिडवे बसले होते.

त्या हिवाळ्यात डुकरांनी गावाला नकोसं करून सोडलं होतं. हरभरा उकरला, कापलेल्या धानाचे पुंजणे विस्कटून टाकले. शेवटी वनखात्याची परवानगी निघाली. परवान्याची बंदूक असलेला माणूस पवनीहून येऊन नाल्यावर बसणार आणि गावानं हाका करायचा, म्हणजे पहाटे माणसांनी रांग धरून, डबे वाजवत डुकरांना नाल्याकडे काढायचं. हाक्याच्या पुढे बाबा. घनश्याम असल्याशिवाय रांग धरत नाही, असं गावात म्हणतात आणि ते बाबांनी फारच मनावर घेतलेलं आहे.

मागच्या हिवाळ्यातही असाच हाका झाला होता. खळ्यात आमच्याकडे कोणी पायताण घालून पाय ठेवत नाही. धान पडलेलं असतं, ते अन्न आहे. बाबांनी पहिल्याच खळ्याशी चपला काढल्या, त्या तिथंच राहिल्या आणि ते दवातून अनवाणी फिरले. मग सगळे शेकोटीशी बसले. सगळ्यांनी पाय पुढे केले, चटका लागला तसे मागे घेतले. बाबांनी घेतलेच नाहीत. कातडी जळल्याचा वास आला तेव्हा शेजारच्या देवाजीकाकांनी त्यांना ओढलं. अंगठ्याजवळचं बोट काढावं लागलं. साखरेनं पायातली जाण गेली आहे, पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही, पाय जाईल, असं डॉक्टरांनी आमच्यादेखत सांगितलं. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन म्हणाले, "त्याले काय समजते? मले झपकी लागली होती."

आई म्हणत होती, हाक्याला जाऊच नका. बाबा म्हणत होते, जाणारच. माझा नवरा वरठीच्या कारखान्यात आहे, त्याचे जाड बूट मी दिले, तर त्यात लोखंड आहे म्हणून परत केले. मग मीच मधला मार्ग काढला. चांगले गरम, बंद बूट घ्यायचे, म्हणजे शेकोटीशी जायची गरज नाही. बूट नाही तर हाका नाही. ते कबूल झाले आणि मला वाटलं मी जिंकले.

आता भोगत होते. आत लोकर असलेले चामड्याचे बूट दाखवले, ते करकरतात म्हणाले.

"हाक्यात तुम्ही डबे वाजवता ना?" मी विचारलं. "मग बुटाचा आवाज कोणाला जाणार आहे?"

"डबे नंतर. पयले चुपचाप रांग लावा लागते. तुले काही समजत नाही, बाई."

रबरी बूट भकभक वाजतात. कापडी बूट पांढरे, अंधारात दिसतात. एका जोडाचा तळ त्यांनी तळहातानं घासून पाहिला, वाकवला, कानाजवळ नेला. इतकं सगळं केलं, पण एकही पायात घातला नाही. भय्याजी शेवटी म्हणाले, "काकाजी, घालून तं पाहा एखादा."

नाइलाज झाल्यासारखा त्यांनी एक तपकिरी जोड घातला. आत दाट लोकर, वर घोट्यापर्यंत लेस. उठले, दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. तोंडावर समाधान पसरलं.

"हा बरोबर आहे. नाप एकदम बरोबर. गरमही वाटून राहिला."

मला हायसं वाटलं. तरी लहान पोरांचं पाहतात तसं मी खाली बसून बुटाचं टोक दाबलं. आत काहीतरी चुरचुरलं.

"काढा जरा."

"काहून? बरोबर आहे म्हटलं ना."

मी लेस सोडली, बूट ओढून काढला आणि आत हात घातला. कागदाचा बोळा निघाला. नवीन बुटाचं टोक चेपू नये म्हणून ठसून भरतात तो. त्याच्यामागून, ओल धरू नये म्हणून ठेवतात ती कडक पुडी चुरगळून निघाली. बाबांची बोटं त्या बोळ्यावर दुमडून लाल झाली होती.

"तुम्हाला लागलं नाही?"

बाबा बोळ्याकडे पाहत राहिले. भय्याजी खोकी आवरायला लागले.

"कागद होता काय?" बाबा म्हणाले.

मला इतका राग आला की रडू फुटेल असं वाटलं. वर्षभर हा माणूस आम्हाला 'मले सारं समजते' म्हणून सांगत होता. नाकानं, कानानं, हातानं बूट पाहत होता, कारण पाय काही सांगतच नव्हते.

"कोणता घ्याचा ते तूच पाह," ते हळूच म्हणाले. "मले सारेच सारखे."

मी तोच जोड एक माप मोठा घेतला. बसमध्ये मी त्यांना म्हटलं, "खळ्याशी बूट काढायचे नाहीत."

"खळ्यात बूट घालून जाऊ? अन्न आहे ते."

"मग हाका नाही."

ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "नाही काढन."

माझा विश्वास नव्हता. पहाटे मी स्वतः बूट आतून चाचपले, त्यांच्या पायात घातले आणि लेसच्या अशा गाठी मारल्या की सुटता सुटू नयेत. आई दारात उभी राहून पाहत होती.

ऊन वर आलं तसे देवाजीकाका आधी आले आणि अंगणातच सुरू झाले.

"वहिनी, यायले पुढच्या खेपेले घरीच ठेवा. आमी चपला काढून, रांग धरून खळ्यातून चाललो, अन् हे एकटे वळसा घालून राहिले. एक खळं झालं का दुसऱ्याले वळसा. काऊन, तं पायात बूट आहे. यायच्या बाजूनं एवढी मोकळी जागा राहिली का डुकरं तिथूनच गेले. सारेच्या सारे. बंदूकवाला नाल्यावर झोपून राहिला."

मी कपाळाला हात लावला. बूट काढायचे नाहीत हे त्यांनी पाळलं होतं आणि खळ्यात बूट न्यायचा नाही हेही पाळलं होतं. डुकरं तेवढी सुटली होती.

मागून बाबा आले. ओट्यावर बसून पाय पुढे केले. माझ्याच गाठी मला सुटेनात, शेवटी आईनं दातानं सोडल्या. तिनं दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि एकेक बोट उलटंपालटं करून पाहिलं. कुठं काही नव्हतं.

"शेकोटीशी बसले होते?" तिनं विचारलं.

"नाही. दुरूनच उभा होतो."

"थंडी वाजली?"

"आंगाले वाजली. पायाचं काय मालूम." मग आईकडे वळून ते म्हणाले, "जनाबाई, गरम आहेत का ते? एवढे भंडाऱ्याहून आणले."

आईनं एका बुटात टोकापर्यंत हात घातला.

"गरम आहेत," ती म्हणाली. "चांगले गरम आहेत."

"हो काय?" बाबा म्हणाले. त्यांनी दुसरा बूट मांडीवर ओढून घेतला, त्यात आपला हात घातला आणि देवाजीकाका जाईपर्यंत तो बाहेर काढला नाही.