सोमवारचं कपभर तेल

मालवण तालुक्यात माझ्याएवढं जग बघितलेला दुसरा कोणी सापडणार नाही. बघितलं म्हणजे, सगळं उलटं बघितलं. मी सायलेन्सर. गाडी पुढे पळते आणि मी मागे तोंड करून लटकलेला असतो. त्यामुळे जे येणार आहे ते मला कधी दिसलं नाही. जे सुटून गेलं तेवढंच दिसलं.

शिक्षणही तसंच. मागून येणाऱ्या गाड्यांच्या कपाळावर जे लिहिलेलं असतं, ते वाचून मी अक्षरं शिकलो. म्हणून देवांची नावं सगळी येतात, बाकी कशातलं काही येत नाही.

कुठल्याशा कारखान्यात माझा जन्म झाला आणि एका डिझेल गाडीच्या पोटाखाली मला बसवलं. गाडी टर्बोवाली. टर्बो म्हणजे एक चिमुकला पंखा. इंजिनातून निघालेल्या धुराच्या जोरावर तो गरगर फिरतो आणि इंजिनाच्या पोटात जास्तीची हवा कोंबतो. मेहनत धुराची, शिट्टी ह्याची. चढ आला की असा शिट्टी घालतो, जसं काही गाडी हाच ओढतोय. अशी माणसं प्रत्येक गावात चार-दोन असतात. नावं घेत नाही, तुम्हाला माहीत आहेत.

आम्हाला घेतलं गंगारामने. कुडाळ स्टेशनवरून पाहुणे उचलायचे आणि तारकर्लीला नेऊन सोडायचे, हा त्याचा धंदा. पहिल्या दिवशी कुणकेश्वराला नेऊन नारळ फोडला. नारळाचं पाणी बॉनेटवर, हार बॉनेटवर, हळद-कुंकू बॉनेटवर. माझ्याकडे कोणी ढुंकून बघितलं नाही. मग परतताना एका पुढाऱ्याच्या परीटघडीच्या पांढऱ्या शर्टाला मी माझ्याकडून काळा बुक्का लावला.

तरुणपणी मी फार वात्रट होतो. बांद्याच्या बाजारात माझ्यामागे उभं राहून कोणी भाव पाडू लागला की त्याला खोकला आणायचा. गाडीला टेकून फोटो काढणाऱ्या पाहुण्यांच्या पोटरीला हळूच चटका द्यायचा. गंगाराम तोंडाने "सॉरी, सॉरी" म्हणायचा आणि डोळ्यांनी हसायचा. आमचं जमायचं ते असं.

रोज संध्याकाळी घरी आला की तो मागे यायचा, उकिडवा बसायचा आणि माझ्या तोंडात बोट घालून बघायचा. वैद्य नाडी बघतो तसा. सुकी काजळी लागली की बोट लुंगीला पुसून म्हणायचा, "बरो आसा माझो झील."

त्याला झील, म्हणजे मुलगा, नाही. एकच मुलगी, अनुजा. आई लवकर गेलेली. ती ओट्यावर अभ्यासाला बसलेली असायची. बाप गाडीला झील म्हणतो, हे ती वह्यांच्या आडून ऐकायची. मला ती दिसायची. सांगितलं ना, मागे राहिलेलं सगळं मला दिसतं.

गेल्या दिवाळीत गंगारामच्या उजव्या पायातलं बळ गेलं. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. स्टेअरिंग अनुजाकडे गेलं. ती गाडी झकास चालवते, उगाच खोटं कशाला बोला. पण अंगणात आली की खाडकन बंद करते आणि आत जाते. मागे कोणी येत नाही.

अंगणात आमची गाडी ओट्याकडे पाठ करून उभी राहते. म्हणजे खुर्चीत गंगाराम आणि समोर मी. तो दिवसभर माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. मध्ये आठ-दहा पावलांचं अंगण. त्याला काठी टेकून चालता येतं, उकिडवं बसता येत नाही. सहा महिने झाले, ते बोट आलं नाही. गंज चढलेल्या तोंडालाही सवय असते हो.

पहिल्याच महिन्यात म्हाताऱ्याने एक उद्योग काढला. सोमवारी अनुजा मागीलदारी कपडे धुवायला बसली की हा काठी टेकत पुढे जायचा. खट्‌ करून बॉनेट उघडायचा. त्याच्या जुन्या दिवसांतले ऑइलचे डबे लाकडांच्या खोपीत पडलेले होते, त्यातलं चहाच्या कपाने कपभर ओतायचा. तेल मोजायची काडी काढून बघायचा, तेल वरच्या खुणेला टेकलेलं असायचं. "आसा तसा," असं पुटपुटायचा, "तरी खा गो थोडा." पाहुण्याने ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून भात वाढणारी ही माणसं. सोमवारी कुणकेश्वराला दुधाचा अभिषेक आणि आमच्या गाडीला तेलाचा.

परिणाम निघाला माझ्या तोंडातून. धुराची भाषा मला पाठ आहे. काळा आला तर डिझेल जास्त आणि हवा कमी. पांढरा येतच राहिला तर आत पाणी शिरलेलं. निळा म्हणजे तेल जळतंय. माझ्यातून आधी अगरबत्तीएवढा निळा यायला लागला, मग होळीएवढा. पाहुणे नाकाला रुमाल लावून बसू लागले. कारण मला ठाऊक होतं, पण सांगणार कसं? ज्याच्या नोकरीचं नावच गप्प बसवणं, त्याने तोंड उघडलं तर लोक नवीन आणून बसवतात.

अनुजाने गाडी एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने बॉनेटमध्ये डोकावून सांगितलं, टर्बो गेला, गाडी काढून टाका. बांद्याच्या एका माणसाने शनिवारी येऊन गाडी मोडीत न्यायची, असं ठरलं. गंगारामने ऐकलं आणि ताटातला भात तसाच ठेवला. मी मोडीला भीत नाही, लोखंडच मी. पण तिथे माझ्यासमोर खुर्ची टाकून कोण बसणार?

शुक्रवारी गंगारामने फोन करून बाबली मिस्त्रीला बोलावलं. बाबली त्याच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, पण आमची गाडी त्याच्या हाताखालून गेलेली.

"गो अनुजा, धूर कधी येता? सकाळी चालू केल्यार, काय चढणीर?"

"कधीय. स्टेशनार उभी ठेवन रेस दिलंय की पावणे दिसनत नाय."

"कायकाय पावणे दिसनत नाय ताच बरा."

बाबली माझ्याकडे आला. बोट घातलं. माझा जीव हरखला आणि लगेच खट्टू झाला, बोट दुसऱ्याचं होतं. ओलं, तेलकट निघालं. मग पुढे जाऊन त्याने टर्बोचा पाइप सोडवला आणि पंख्याचा दांडा धरून हलवून बघितला.

"हो तर खुट्टासारखो घट्ट आसा. टर्बो गेलो म्हणणाऱ्यान पायप तरी सोडवल्यान काय?"

मग त्याने तेलाची काडी ओढली आणि हसायला लागला. हसता हसता थांबला.

"तेल कधी बदललंस?"

"दिवाळीक."

"मगे खुणेच्या दोन बोटां वर कसा? टर्बोतला तेल खाली उतराक जागाच नाय. ता भलत्या वाटेन जाता आणि जळता. धूर येयत नाय तर काय अत्तर येतला?"

त्याने मान वर करून ओट्याकडे बघितलं. गंगाराम पोफळीकडे डोळे लावून सुपाऱ्या मोजत होता. हंगाम संपून गेलेला, पोफळीवर एकही सुपारी नव्हती.

"गॅरेजवाल्यान जास्त वतल्यान आसतला," बाबली म्हणाला. "जा गो, च्याय ठेव."

अनुजा आत गेल्यावर तो ओट्याजवळ गेला.

"काकानू, किती कप?"

"दर सोमवारी एक."

"गाडी आसा काय म्हस?"

"चलवक देनत नाय. पुसूक वाकाक जमणा नाय. मगे मी तिका देव तरी काय?"

बाबली गाडीखाली शिरला. त्याने खाली घमेलं लावलं आणि जास्तीचं तेल काढलं. गाडी चालू केली. आधी मी साठलेलं सगळं निळं ओकलो, थोडं मुद्दाम त्याच्या अंगावर. मग श्वास मोकळा झाला, इतका की समोरच्या ओट्यावर गंगारामच्या डोळ्यांत आलेलं पाणीसुद्धा स्वच्छ दिसलं.

आज माझी अवस्था ही अशी. पोटाला दोन ठिगळं, बाकीचं खारा वारा खातोय. तुम्हाला सांगणं एवढंच. तुमची गाडी निळा धूर सोडू लागली तर टर्बोला शिव्या घालण्याआधी तेलाची काडी बघा. आणि घरातल्या म्हाताऱ्याचं काम काढून घेतलंत तर दुसरं द्या. नाही दिलंत तर तो शोधून काढतो.

तर त्या शुक्रवारी अनुजा चहा घेऊन आली. धूर नाही हे तिने बघितलं, चहा कठड्यावर ठेवला आणि बांद्याला फोन लावला. "उद्या येव नकात. गाडी देवची नाय."

गंगारामला आनंद आवरला नाही. बाबली डोळ्यांनी गप्प करत होता, तरी म्हातारा बोलून गेला, "मी म्हटलंय नाय? दर सोमवारी तिच्या तेलाकडे बघणारा कोणतरी व्हया."

अनुजाने फोन खाली घेतला.

"बाबांनू, सा म्हयने दर सोमवारी बॉनेट उघडल्याचो आवाज आयकतंय मी. एका तरी सोमवारी माझ्या खोलयेच्या दारात येवन इचारलात, गो, तू जेवलंस?"